पथकाच्या यादीत राहून गेलेली माणसं

प्रिय डॉक्टर,

किरणोत्साराचे माणसांवर होणारे परिणाम वर्षानुवर्षं अभ्यासणाऱ्या पथकासाठी तू केलेली यादी वाचली. कर्करोगतज्ज्ञ, रक्तविकारतज्ज्ञ, जनुकशास्त्रज्ञ, डोळ्यांचे डॉक्टर. माणसं उत्तम निवडलीस. पण किरणोत्सारानंतर ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, काही वर्षांत दिसू लागतो, बाकीचे बरेचसे कर्करोग दशकांनी. तोवर यातलं निम्मं पथक निवृत्त झालेलं असेल. लोकांचा माग तेव्हा कोण ठेवणार?

हिरोशिमा-नागासाकीचं काम मुळापासून वाच. १९४७ मध्ये अमेरिकेच्या आयोगाने तिथे अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यातले जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांना नवजात बाळं तपासायची होती. ती सापडणार कुठे? जपानमध्ये रेशनचे दिवस होते. पाचव्या महिन्यानंतर नाव नोंदवलं की गरोदर बाईला जादा रेशन मिळे. तिथेच अभ्यासाचीही नोंद होऊ लागली. बाळंतपणं बहुतेक घरीच होत, ती सुइणी कळवत. १९४८ ते १९५४ मध्ये सुमारे ७७,००० बाळं तपासली गेली, ती या बायकांमुळे. तुझ्या यादीत गावोगावच्या आशाताई नाहीत, जन्म-मृत्यू नोंदणीचा कारकूनही नाही. ती नावं सगळ्यात वर घाल. आपल्याकडेही केरळात करुनागपल्लीच्या मोनाझाइटच्या, म्हणजे निसर्गतःच किरणोत्सारी असलेल्या खनिजाच्या, वाळूपट्ट्यात १९९० पासून घरोघर जाऊनच माहिती गोळा केली गेली.

भौतिकशास्त्रज्ञ सल्ल्यापुरता बोलावू नकोस, कायमचा घे. स्फोटाच्या वेळी माणूस नेमका कुठे होता, मध्ये भिंत होती का, यावरून त्याला मिळालेली किरणोत्साराची मात्रा ठरवली गेली. तो हिशेब १९६५, १९८६ आणि २००२ असा पुन्हा पुन्हा मांडावा लागला. ते जमलं, कारण मूळ जबान्या जपून ठेवल्या होत्या.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तो आयोग तपासायचा, उपचार करायचा नाही. आजारी माणसांना जीपमधून न्यायचं, रक्त घ्यायचं, घरी सोडायचं. वयात आलेल्या मुलींना कपडे उतरवून तपासलं गेलं. तो अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. त्याच आयोगातून पुढे उभ्या राहिलेल्या संस्थेच्या अध्यक्षांनी २०१७ मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी, याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. इतका उशीर तुझ्या हातून होऊ देऊ नकोस. पथकात स्त्री डॉक्टर हव्यातच. तपासणीत काही निघालं तर उपचार कुठे आणि कुणाच्या खर्चाने, हे रक्ताची पहिली बाटली भरण्याआधी लेखी ठरव. निधी देणारे म्हणतील, हा खर्च संशोधनात बसत नाही. मग संशोधन थांबव, पण या अटीवरून हटू नकोस.

आणि तिथल्या डॉक्टरांना दुय्यम समजू नकोस. हिरोशिमात ल्युकेमिया वाढतोय हे सुरुवातीलाच ज्यांच्या ध्यानात आलं, ते ताकुसो यामावाकी तिथलेच तरुण डॉक्टर होते.

सुधारलेली यादी पाठव. उपचारांची जबाबदारी घेणाऱ्या रुग्णालयाचं संमतीपत्रही सोबत जोड. दोन्ही एकदमच वाचीन.

तुझा,
सर