विज्ञानाच्या तासाला ससे आणि लांडगे

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. पावसाळ्यात नेटवर्क नसतंच, लॅपटॉप एकच. नैसर्गिक निवड फळ्यावर शिकवली की मुलं पाठ करतात, समजत नाही. काय करू?

उत्तर : बाई, कोलोराडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पात नैसर्गिक निवडीवर एक सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर चालवून पाहायचा आभासी प्रयोग, आहे. ते मोफत आहे, आणि बेळगावला आलात की फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेता येते. मग शाळेत इंटरनेट लागत नाही.

त्यात सुरुवातीला पांढरे ससे असतात. तपकिरी रंगाचं उत्परिवर्तन (म्हणजे जनुकातला बदल) घाला आणि लांडगे सोडा. पण सोडण्याआधी थांबा. कुठले ससे उरतील ते प्रत्येकाला वहीत लिहू द्या, कारणासकट. हे थांबणंच खरं शिकवणं आहे. नुसता खेळ दाखवला तर मुलं सिनेमा पाहिल्यासारखं पाहतात. तपकिरी जमिनीवर पांढरे ससे कमी होत जातात आणि आलेखाच्या रेघा वेगळ्या होतात. मग बर्फाळ प्रदेश निवडून पुन्हा चालवा.

बहुतेक मुलांना वाटतं, सशाने लांडग्याला भिऊन रंग बदलला. तिथेच अडवा. एकही ससा रंग बदलत नाही. उत्परिवर्तन योगायोगाने येतं, जगलेल्यांची पिल्लं वाढतात आणि बदलतो तो कळप; हीच नैसर्गिक निवड. हे त्यांच्या तोंडून येईपर्यंत पुढे जाऊ नका.

आणि दुसऱ्या दिवशी मुलांना भाताच्या शिवारात न्या. हिरव्या पातीवरचा हिरवा नाकतोडा पटकन सापडत नाही. का, ते त्यांनाच सांगू द्या.