२३ पॅटर्न पाठ करण्याआधी तिकिटाचा कोड लिहा

ऐरोलीत दोन वर्षं जावावर काम करताय, २३ डिझाइन पॅटर्न (नेहमी येणाऱ्या अडचणींवरच्या कोड-रचनेच्या ठरावीक पद्धती) वाचून झालेत, तरी कोड लिहिताना एकही सुचत नाही, असं तुम्ही विचारलंय. क्रम उलटा झालाय. अडचण हाताला लागलेली नसली की उपायाची आकृती डोक्यात टिकत नाही.

एक छोटा प्रोग्रॅम घ्या: ठाणे-वाशी लोकलचं भाडं. एकेरी, परतीचं, मासिक पास, त्रैमासिक पास हे ४ प्रकार. सेकंड, फर्स्ट, एसी हे ३ वर्ग. दर मनाने धरा. आधी सगळं एकाच मेथडमध्ये इफ-एल्सने लिहा, खुशाल. प्रत्येक जोडीची एक टेस्ट (उत्तर बरोबर येतं का ते तपासणारा छोटा कोड), म्हणजे १२. या टेस्ट नसतील तर पुढे जाऊच नका. कोड हलवताना काय मोडलं ते कळणार नाही.

आता इनहेरिटन्सने, म्हणजे एका क्लासपासून दुसरा क्लास काढून, करून बघा. 'फर्स्टचा मासिक पास' असे १२ क्लास होतात आणि पाचवा प्रकार आला की आणखी ३. त्याऐवजी प्रकाराचा एक इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात एवढंच सांगणारा करार), वर्गाचा दुसरा, आणि तिकिटाला दोन्ही बाहेरून द्या. ४ अधिक ३, सातच क्लास. पाचव्या प्रकाराला एकच नवा. हाच स्ट्रॅटेजी पॅटर्न: कामाची पद्धत वेगळ्या क्लासमध्ये ठेवून बाहेरून देणं. मात्र एसीच्या पासाचं सूत्रच वेगळं ठरलं, तर प्रकार आणि वर्ग एकमेकांपासून सुटे राहत नाहीत आणि ही फोड तिथेच अडते. हे स्वतः अडकून बघा, पुस्तकातल्या आकृतीत ते दिसत नाही. जावा ८ पासून असा एका मेथडचा इंटरफेस लॅम्डानेही (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) भागतो.

स्टेट पॅटर्नची आकृती जवळपास हीच. फरक इतकाच की स्ट्रॅटेजी बाहेरचा निवडतो, स्टेट मात्र काम चालू असताना आतूनच बदलते.

मग ॲडॉप्टर (न जुळणारा इंटरफेस जुळवून देणारा), डेकोरेटर (ऑब्जेक्टभोवती गुंडाळून त्यात भर घालणारा) आणि ऑब्झर्व्हर (बदल झाला की नोंदवलेल्या लिसनरना निरोप देणारा) घ्या. डेकोरेटर तुम्ही रोज वापरता: फाइलरीडरभोवती बफर्डरीडर गुंडाळता तो तोच. ऑब्झर्व्हरमध्ये नोंदवलेला लिसनर काढायला विसरलात तर तो मेमरीत अडकून राहतो, आणि एका लिसनरने एक्सेप्शन फेकलं की साध्या लूपमध्ये पुढच्यांना निरोपच जात नाही.

सिंगलटन, म्हणजे ज्याचा एकच ऑब्जेक्ट बनतो असा क्लास, सगळ्यांना आधी आवडतो, कारण सोपा वाटतो. पण त्यातली स्थिती एका टेस्टमधून दुसरीत झिरपते. एकेकटी चालवली की पास, सगळ्या मिळून चालवल्या की फेल. ऑब्जेक्ट एकच हवा असेल तर तो मेनमध्ये एकदा बनवा आणि कन्स्ट्रक्टरमधून द्या. व्हिजिटर आणि फ्लायवेट हे त्या २३ पैकी दोन पॅटर्न गरज पडेपर्यंत बाजूला राहू द्या.