पहिले पुस्तक सोडण्यापूर्वी

वाचून झालेले पुस्तक अनोळखी वाचकासाठी सार्वजनिक जागी मुद्दाम ठेवून देणे म्हणजे पुस्तक ‘सोडणे’. पण बाकावर पडलेले पुस्तक पाहून बहुतेकांना ते कोणीतरी विसरले असावे असेच वाटते, आणि प्रामाणिक माणूस त्याला हात लावत नाही. म्हणून ‘हे पुस्तक हरवलेले नाही, घेऊन जा, वाचा आणि पुढे सोडा’ हा मजकूर मुखपृष्ठावरच ठळक अक्षरांत चिकटवावा, कारण आतली चिठ्ठी पुस्तक उघडल्याशिवाय दिसत नाही. २००१ मध्ये रॉन हॉर्नबेकर यांनी सुरू केलेल्या बुकक्रॉसिंग या उपक्रमात प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि ज्याला ते सापडते, त्याला उपक्रमाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून आपली नोंद करता येते. तो क्रमांक आतल्या बाजूस न पुसणाऱ्या शाईने लिहावा. स्वतःचा फोन नंबर मात्र कधीही लिहू नये.

जागा अशी हवी, जिथे माणसे थोडा वेळ बसतात आणि पुस्तकावर पाणी पडणार नाही. दुकानात किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षा कक्षात ठेवायचे असल्यास आधी विचारावे. स्थानकावर वा विमानतळावर गुंडाळलेले पुडके ठेवणे पूर्णपणे टाळावे, कारण बेवारस वस्तूचा संशय येऊन सुरक्षा कर्मचाऱ्यांची नाहक धावपळ होते. उघड्यावर ठेवताना पारदर्शक पिशवी वापरावी.

ग्रंथालयाचा शिक्का असलेली जुनी प्रत, ती रद्द केल्याची खूण नसल्यास, सोडू नये. तसेच सुटी झालेली पाने, बुरशी किंवा वाळवी लागलेली प्रत रद्दीतच द्यावी, कारण अनोळखी वाचकाला आपण भेट देत असतो, अडगळ नव्हे. बहुतेक पुस्तकांची खबर परत येत नाही, तेव्हा ज्याचा विरह सोसवणार नाही, ते पुस्तक घरीच ठेवावे.