जुन्या पेपरमधल्या एका ठिपक्याने अलॉयचा (मिश्रधातूचा) पेटंट क्लेम पडतो का?

हो, क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये मागितलेला हक्क, पडतो, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा सहज पडतो. तुमचं म्हणणं असं की जुन्या संशोधन पेपरात तुमच्याच रेंजमधला, म्हणजे तुम्ही मागितलेल्या टक्केवारीत बसणारा, एक नमुना आहे खरा, पण त्या लोकांनी गंजण्याबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही, तो गुण आमच्या टीमने शोधला, मग क्लेम आम्हाला का नाही. नेमका हाच वाद अमेरिकेत १९८५ साली फेडरल सर्किट कोर्टात (पेटंटची अपिलं ऐकणारं कोर्ट) झालाय, टायटॅनियम मेटल्स विरुद्ध बॅनर, अलॉयवर काम करणाऱ्याने एकदा तरी वाचावाच.

तीन क्लेम होते, त्यातले पहिले दोन रेंजचे: टायटॅनियममध्ये ०.६ ते ०.९ टक्के निकेल, ०.२ ते ०.४ टक्के मॉलिब्डेनम, गरम खाऱ्या पाण्यात न गंजणारा. पेटंट ऑफिसने पुढे केला १९७० चा एक छोटा रशियन पेपर, त्यात मजबुतीचे ग्राफ होते, गंजण्याचं नावही नाही, आणि त्या रेंजमध्ये बसणारा नमुना मजकुरात सरळ लिहिलेलासुद्धा नव्हता, ग्राफवर एक ठिपका होता, हिशेब केला की ०.७५ निकेल आणि ०.२५ मॉलिब्डेनम निघतं. बस, तेवढ्यावर रेंजचे दोन्ही क्लेम गेले. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली होती, तो निकाल जज रिच यांनी फिरवला. कारण क्लेम मागितला होता अलॉयवर, आणि अलॉय आधीचा असेल तर गुणही त्याच्या अंगात आधीपासूनच आहे, कुणी मोजला नाही म्हणून अलॉय नवा होत नाही.

तिसरा क्लेम होता ०.८ निकेल, ०.३ मॉलिब्डेनम. तो ठिपक्यावर बसत नव्हता तरी गेला, इतक्या जवळच्या रचनांचे गुण सारखेच असणार हे जाणकार धरूनच चालतो म्हणून. हीच रचना आज ग्रेड १२ टायटॅनियम म्हणून विकली जाते, म्हणजे काम अस्सल होतं, मला त्या संशोधकांबद्दल खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडे तर वाट अजून अरुंद आहे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) प्रमाणे माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा गुण किंवा नवा वापर सापडला तर तो शोध धरतच नाहीत, त्यामुळे 'अलॉय नाही तर नाही, त्याचा वापर तरी पेटंट करू' हेही इथे चालत नाही.

मग करायचं काय, तर आधी तो जुना नमुना स्वतः वितळवून तुमच्याच चाचणीत घाला. तुमची रचना त्याच्यापेक्षा ठळकपणे वेगळी वागत असेल, जवळची असूनही, तर जुना ठिपका बाहेर राहील अशी रेंज आवळा आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी द्या. तशी वागत नसेल तर हीट ट्रीटमेंटमध्ये खरंच नवं काही आहे का बघा, प्रोसेसचा क्लेम वेगळा उभा राहू शकतो. आणि कृपा करून तुमचा स्वतःचा पेपर अर्ज टाकण्याआधी कुठेही देऊ नका, युरोपात तोच तुमच्या विरोधात पुढे येईल.