गिटार विकू नकोस, आधी आवाज कोरडा रेकॉर्ड कर

गिटारवरची गाणी सोडून नाचाच्या संगीताकडे वळायचंय म्हणतोस, पण गिटार विकून सिंथ (सिंथेसायझर) घ्यायची घाई करू नकोस. आधी ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या ब्रिटिश जोडीचं ‘मिसिंग’ हे गाणं मूळ आणि रिमिक्स अशा दोन्ही रूपांत ऐक. ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट बरीच वर्षं संथ, गिटारच्या साथीची गाणी करायचे. १९९४ साली आलेलं हे गाणं मुळात फारसं चाललं नव्हतं. मग न्यूयॉर्कचा डीजे टॉड टेरी याने रिमिक्स करून त्याला हाउसचा (क्लबमधल्या नाचाच्या संगीताचा) ठेका दिला आणि १९९६ मध्ये तेच गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. थॉर्नचा उदास, अजिबात न ओरडणारा आवाज मात्र तसाच राहिला. नाचाच्या गाण्यात गायकाने उसना उत्साह आणायलाच हवा, हा समज सोडून दे.

आता तुझं काम. जुन्यातलं एकच गाणं घे, मेट्रोनोम १२२-१२४ बीपीएमवर (मिनिटाला इतके ठोके) लाव आणि रिव्हर्बशिवाय, म्हणजे आवाजाला घुमारा न देता, कोरडं गा. स्ट्रमिंग (गिटारच्या सगळ्या तारा एकदम छेडणं) काढून टाक. ते हाय-हॅटच्या (ड्रममधल्या झांजांच्या) जागेत घुसतं आणि सगळं गढूळ होतं. अधूनमधून दोन-चार सूर छेडलेस तरी पुरे. किक (ड्रमचा जड ठोका) आणि बेस (खालच्या सुरांची साथ) एकमेकांच्या पायात येत नाहीत ना, यावर हवा तेवढा वेळ घाल. प्लगिन, म्हणजे आवाजाची जोड-सॉफ्टवेअरं, नंतर (विकत घ्यायचा मोह होईलच, आवर).

एका रिमिक्सवर थांबू नकोस. थॉर्न आणि वॉट १९९६ च्या ‘वॉकिंग वूंडेड’ अल्बममध्ये ड्रम अँड बेस या वेगवान ठेक्याच्या इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळले. वॉट पुढे डीजेही झाला. जुने श्रोते कुरकुरले तर त्यांच्यासाठी वर्षातून एखादा गिटारचा कार्यक्रम ठेव.