दिवस राहण्याआधीची गोळी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाल्याचे तुझे पत्र मिळाले. गरोदर मातांच्या तपासणीबद्दल तू बरेच विचारले आहेस. आज त्यातल्या फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाबद्दलच लिहितो, कारण ते आपल्याकडे बहुतेक वेळा उशिरा दिले जाते.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही, तर मणक्यात फट राहू शकते. या २८ दिवसांच्या शेवटी पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि घरी सांगावे की नाही, याच विचारात बाई असते. तिसऱ्या महिन्यात ती नाव नोंदवायला आल्यावर लिहून दिलेली गोळी रक्तासाठी उपयोगी पडते, पण मणक्यातली फट टाळण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत, असे ते द्यायला हवे.

म्हणून तांबी काढायला आलेली, गर्भपातानंतर तपासणीला आलेली, पहिल्या मुलाला लस द्यायला आलेली, अशा प्रत्येकीला पुढे मूल हवे आहे का, एवढे विचार. "बघू" म्हणाली तरी गोळी सुचव, आणि केसपेपरवर लिही. भिंतीवरचा तक्ता फारसे कोणी वाचत नाही. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेले मात्र सासूबाईसुद्धा मानतात. "दिवस गेले नाहीत, मग गोळ्या कशाला?" आणि "गरम पडतील" हे तुला ऐकावे लागेल. मळमळ आणि काळी शौच लोहाच्या गोळीने होते. दोन्ही गोळ्या तिच्यासमोर तळहातावर ठेवून हा फरक दाखव. गावात नवी सून आली की आशाताईंना आधी कळते, त्यांनाही हे नीट समजावून ठेव.

या जीवनसत्त्वाचा माग मुंबईतच लागला. १९२८ पासून ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांनी तिथल्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला होता. त्याच महाराष्ट्रात आजही बाईला हे वेळेवर सांगितले जात नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

आधीचे बाळ मणक्यातल्या फटीसारखा दोष घेऊन जन्मले असेल, तर ४०० मायक्रोग्रॅम पुरत नाहीत. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ सालच्या चाचणीत अशा मातांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले. मधुमेह असलेल्या किंवा फिटची औषधे घेणाऱ्या बाईलाही मोठा डोस लागतो का, ते पाहा. फिटची गोळी तिने स्वतःच्या मनाने बंद करू नये, हे तिला बजाव. व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध चालू असेल तर दिवस राहण्याआधीच औषध बदलता येईल का, हे मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून ठरव.

तुझा,
सर