व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना आवाज आणि चित्र जुळत नाही, आणि बर्न केलेली डीव्हीडी टीव्हीवर चालत नाही. काय करावं?

कॉम्प्युटरला हात लावू नका. तुम्ही लिहिलंय की सॉफ्टवेअर बदलून बघितलं, विंडोज नव्यानं टाकलं, केबल नवी आणली, तरी आईवडिलांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आवाज पुढे आणि चित्र मागे राहतं. या सगळ्यात व्हीसीआर उघडून बघितल्याचा कुठे उल्लेख नाही. कॅसेट कुठे ठेवली होती तेही नाही. तुम्ही गुहागरचे, म्हणजे ती कॅसेट इतके पावसाळे खाऱ्या दमट हवेत काढून आलेली आहे. आपल्याकडे सुरुवात तिथूनच करायची.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे. माझे बाबा दशावतारात काम करायचे, स्त्रीपार्टी. दिवसा शेती, आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्रभर रंगपटात. १९९४ च्या आमच्या गावच्या जत्रेला माझ्या आतेभावानं मुंबईहून कॅमेरा आणून त्यांचं नाटक शूट केलं. बाबांचं हलतंबोलतं चित्रण म्हणून घरात तेवढंच. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते, पण संवाद कलाकार उभ्या उभ्या रचतो. म्हणजे बाबा त्या रात्री जे बोलले ते दुसऱ्या कुठल्याही रात्री बोललेले नाहीत, आणि ते ऐकायला मिळेल अशी जागा जगात एकच, ती टेप. बाबा गेल्यावर ती माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडली.

माझा मोठा भाऊ डोंबिवलीला असतो. त्यानं बघितल्याबरोबर सांगितलं, "बुरशी लागली हा तेका, टाक भायर. नायतर मी मुंबैक घेऊन जातंय, स्टुडिओवालो करून देतलो." मी दिली नाही. त्यावरून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. न देण्याचं कारण त्याच्याच घरात होतं. त्याच्या लग्नाच्या दोन कॅसेट त्यानं अशाच एका दुकानात दिल्या होत्या. परत आली एक डीव्हीडी. दोन्ही कॅसेट मिळून चार तासांचं लग्न एकाच डिस्कमध्ये कोंबलेलं, वहिनीच्या शालूच्या जागी नुसते चौकोन. डीव्हीडी मिळाली म्हणून दादानं कॅसेट दुकानातच सोडल्या. पुढे ती डिस्क वाचेनाशी झाली. आज त्या लग्नातलं काहीही शिल्लक नाही, आणि तरीही दादा मला सांगतो की जुन्या कॅसेट जपणं म्हणजे नुसती अडगळ.

चार तासांचे चौकोन का होतात ते एकदा समजून घ्या, म्हणजे कुठल्याही दुकानदाराला तोंडावर विचारता येईल. साध्या एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, विंडोज ते ४.३७ दाखवतं. एक तास भरलात तर व्हिडिओला सेकंदाला आठ-नऊ मेगाबिट मिळतात, डीव्हीडीची कमाल मर्यादाच ९.८ आहे. दोन तास भरलात तर पाचाच्या आसपास, तेही चालतं. चार तास भरलेत तर अडीच. व्हीएचएसच्या चित्रात मुळातच मुंग्या असतात आणि डीव्हीडीवर व्हिडिओ दाबून भरायची जी एमपीईजी-२ पद्धत, तिला मुंग्या पचत नाहीत, सगळी जागा त्याच खातात. म्हणून एका डिस्कवर फार तर दोन तास.

आता बुरशी. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळीची कड बघा. ती गुळगुळीत काळी दिसायला हवी. आमच्या कॅसेटवर तांदळाच्या पिठाचा हात लागल्यासारखे पांढरे पट्टे होते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. ती भुकटी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या बारीक टोकांवर बसते, हेड भरतात, चित्र जातं, आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही तीच बुरशी लागते. आधी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस ठेवायची. उन्हात अजिबात नाही. मग तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, खालचे पाच स्क्रू काढून कवच उघडायचं, आतली मांडणी मोबाईलवर फोटोत घ्यायची, आणि टेप हातानं हळूहळू फिरवत मऊ, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून सरकवायची. टेपला उघडं बोट लावायचं नाही. शेवटी दोन्ही रिळं दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या कवचात बसवायची. जुनं कवच कितीही पुसलं तरी त्यात बुरशी राहते. कडेचं प्लास्टिकचं टिकलं मोडलेलं आहे ना तेही बघा. ते शाबूत असलं आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, की लग्न पुसलं गेलं.

व्हीसीआर मला सावंतवाडीला एका टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे मिळाला. नवा आता कुठेच मिळणार नाही, जपानची फुनाई कंपनी शेवटपर्यंत बनवत होती, तिनंही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. काकांनी मला ड्रम, म्हणजे हेड बसवलेला आतला फिरता गोल, साफ करायला शिकवलं. प्लग काढून वरचं झाकण उघडायचं. साधा कोरा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसता टेकवून धरायचा, आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून धरून आडवा फिरवायचा. कागद हलवायचा नाही, ड्रम हलवायचा. कानातला कापूस वापरायचा नाही, त्याचे धागे हेडच्या बारीक टोकात अडकतात आणि हेड तुटतो. वरखाली तर कधीच घासायचं नाही. काकांचा कागद पहिल्या फेरीतच तपकिरी झाला. वाळल्यावर तीच कॅसेट लावली, व्हीसीआरच्या ट्रॅकिंगच्या बटणानं चित्र जुळवलं, आणि बाबांच्या नाकातली नथ दिसायला लागली. त्याआधी तिथे नुसता पांढरा पट्टा होता.

एवढं झाल्यावर कॉम्प्युटर. तुमचा आवाज नेमका कसा सरकतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं उत्तर त्यावर आहे. मी ते बाबांच्या नाटकातल्या झांजेवर तपासलं. दशावतारात पायपेटी आणि मृदंगाबरोबर झांज असते, आणि झांज आपटताना दिसते तेव्हाच वाजायला हवी. तुमच्या कॅसेटमध्ये अंतरपाट दूर होताना वाजणाऱ्या टाळ्या बघा. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत फरक तेवढाच असेल तर काही बिघडलेलं नाही, आवाज तेवढा सरकवून घ्या. सुरुवातीला बरोबर आणि तासाभरात हळूहळू सुटत गेला, तर चित्र कॅप्चरच्या यूएसबी काडीतून (व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडणारी ती छोटी वस्तू) आणि आवाज कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकातून घेतला असणार. दोघांची घड्याळं वेगळी, ती कायम जुळून राहत नाहीत. दोन्ही एकाच काडीतून घ्या आणि आवाज पहिल्यापासून ४८,००० हर्ट्झवर ठेवा, डीव्हीडीला तेवढाच लागतो. आणि मध्येच कुठेतरी झटका बसून सुटत असेल, तर फ्रेम गळताहेत. टेप जुनी झाली की तिचा सिग्नल थरथरतो, काडीला चित्राची सुरुवात सापडत नाही आणि ती फ्रेम सोडून देते. याला सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. मध्ये थरथरता सिग्नल सरळ करणारा टाइम बेस करेक्टर लागतो. तो महाग, पण जुना डीव्हीडी रेकॉर्डर कोणाकडे पडलेला असेल तर व्हीसीआर त्यात आणि तो काडीत असं जोडून बघा. असे बरेच रेकॉर्डर सिग्नल सरळ करून पुढे देतात. मी तसंच केलं आणि झांज जागेवर आली.

कॅप्चरला व्हर्च्युअलडब वापरा, फुकट आहे, आणि किती फ्रेम गळल्या ते बाजूला आकड्यात दाखवतं. सेटिंग पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. बऱ्याच काड्या आल्या आल्या एनटीएससी या अमेरिकन पद्धतीवर असतात, मग चित्र काळंपांढरं दिसतं किंवा वर पळत राहतं, आणि माणूस कॅसेटला दोष देतो. फाइल हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काहीही न गाळणाऱ्या कोडेकमध्ये घ्या. तासाला तीस जीबीच्या आसपास जातात, जाऊ द्या. हार्ड डिस्क एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली हवी. एफएटी३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे आठ-दहा मिनिटांत कॅप्चर बंद.

थेट एमपी४ करू नका. दादाचा मुलगा मला हेच शिकवायला आला होता, लगेच छोटी फाइल, लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर. आपल्याकडे वारा सुटला की लाईट जाते. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली तर साधी एमपी४ फाइल अर्धवट राहते आणि बहुतेक वेळा उघडतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपची फाइल मुख्य फाइलवरून कधीही करता येते, उलटं करता येत नाही. शक्यतो दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच्या कोरड्या दिवसांत हे काम उरका. पावसाळ्यात ड्रमवर ओल धरते आणि टेप त्याला चिकटून चुरगळते.

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हात हलला की कडेला आडव्या दातेरी रेषा दिसतील. त्या काढायच्या भरीस पडू नका. पालमध्ये सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं असतात, डीव्हीडी त्यांना तशीच ठेवते आणि टीव्ही ती बरोबर दाखवतो. काडीतून घेतलेल्या चित्राला वरची फील्ड (अर्धं चित्र) आधी असं निवडा. उलटं निवडलंत तर टीव्हीवर सगळी माणसं थरथरताना दिसतील.

डीव्हीडी चालत नाही याचं कारण बहुधा साधं आहे. तुम्ही एव्हीआय किंवा एमपी४ फाइल तशीच डिस्कवर कॉपी केली. प्लेअरला डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीओबी फाइली लागतात. डीव्हीडीस्टायलरनं ते बनवा, इमग्बर्ननं लिहा, शेवटी व्हेरिफाय (लिहिलेलं तपासून बघणं) चालू ठेवा. डिस्क फायनलाइझ झालेली, म्हणजे लिहून पूर्ण बंद केलेली हवी, आणि रीरायटेबल घेऊ नका, बरेच जुने प्लेअर ती वाचत नाहीत. १६ एक्सची डिस्क ८ एक्सवर लिहा. वर कागदी स्टिकर लावू नका.

पण खरं सांगायचं तर डीव्हीडी ही पाहुण्यांना द्यायची वस्तू. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, ऊन, उष्णता आणि दमट हवा त्याला खातात, आणि कोकणात तिन्ही आहेत. लॉसलेस फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी. आणि कॅसेट टाकू नका. हे मी दादालाही परत परत सांगते. टेपवर जे आहे ते अजून सगळं बाहेर आलेलं नाही. उद्या जास्त चांगला व्हीसीआर हाती लागला तर त्याच टेपमधून आजच्यापेक्षा स्वच्छ चित्र निघू शकतं. दादाच्या लग्नाचं तसं काही होणार नाही.

आमची टेप पुरी झाल्यावर आईला दाखवली. ती डोळ्यांनी कमी बघते, म्हणून मी टीव्हीचा आवाज मोठा केला. बाबांचं स्वगत सुरू झालं तशी ती म्हणाली, "ह्येंचो आवाज असोच होतो गो." दादा त्या दिवशी फोनवर होता, त्यानं पूर्ण ऐकलं. वाद त्यानं अजून सोडलेला नाही, पण स्वतःसाठी एक प्रत मागितली, आणि मी त्याला डीव्हीडी नाही, हार्ड डिस्क पाठवली.

दोन गोष्टी राहिल्या. टेप साफ करताना ती कुठे चिकटलेली वाटली, ओढावी लागली, तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे द्या. स्टुडिओ सगळेच वाईट नसतात, फक्त लॉसलेस फाइल आणि मूळ कॅसेट दोन्ही परत मिळतील असं आधी कबूल करून घ्या. आणि तुमची कॅसेट व्हीएचएस नसून छोटी मिनीडीव्ही असेल, तर काडी आणि व्हर्च्युअलडब दोन्ही विसरा. त्यात चित्र आधीच डिजिटल असतं. कॅमेरा फायरवायर केबलनं जोडून ते जसंच्या तसं उतरवायचं, तासाला १३ जीबीच्या आसपास, आणि तिथे फील्ड खालची आधी. व्हीसीआर कोणता आहे आणि आवाज वरच्या तीनपैकी कसा सुटतो ते खाली लिहा, मी बघते.